लष्कराने टाकलेला ट्रक आणि 'न बिघडणाऱ्या' लोखंडाची दंतकथा

वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या आसपास वाढलेल्या माणसाला लष्करी ट्रकचे फारसे अप्रूप नसते. देशातील सर्वांत मोठे केंद्रीय दारूगोळा भांडार तिथे आहे. हिरव्या ट्रकांची रांग आली की सायकल बाजूला घेऊन थांबायचे, एवढाच त्याचा अनुभव.

अलीकडे मात्र या ट्रकांना नवे भक्त लाभले आहेत. लिलावातून जुना शक्तिमान किंवा जोंगा घ्यावा, मागे झोपण्याची आणि स्वयंपाकाची सोय करावी आणि थेट लडाख-स्पितीची मोहीम काढावी, असे स्वप्न विदर्भातल्या तरुणांनाही पडू लागले आहे. हौसेला मोल नसते. तिच्याविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती तिच्यासोबत पसरणाऱ्या एका वाक्याविषयी: 'आर्मीची गाडी कधी बिघडत नाही.' हे वाक्य इतिहास म्हणून सांगितले जाते. वास्तविक ती जाहिरात आहे, आणि तीही फुकट केलेली.

१९४३ साली हिंदी सैन्यात यंत्रदुरुस्तीसाठी स्वतंत्र दल उभे करण्यात आले. आज ते ईएमई या नावाने ओळखले जाते. ज्या गाड्या बिघडतच नाहीत, त्यांच्यासाठी कोणते सैन्य अख्खे दल पोसेल? लष्करी ट्रक इतर ट्रकांसारखाच बिघडतो. फरक असा की त्याच्यामागे कार्यशाळा असते, सुट्या भागांचे भांडार असते, ठरल्या दिवशी तेलपाणी तपासण्याची सक्ती असते आणि तो रस्त्यात बसलाच तर ओढून नेणारी दुसरी गाडी असते. लिलावात हातोडा पडतो तेव्हा गिऱ्हाइकाला लोखंड मिळते. ही सारी व्यवस्था छावणीच्या फाटकाआतच राहते. शिवाय ट्रक लिलावात येतो तोच मुळी सैन्याच्या हिशेबनिसांनी 'यापुढे दुरुस्ती परवडणार नाही' असा शेरा मारल्यानंतर. ज्यांच्याकडे सर्व साधने होती त्यांनी हात टेकले, त्या यंत्राला वर्ध्यातील गॅरेजवाल्याने खारदुंग ला चढवावे, ही अपेक्षा भाबडी आहे.

युद्धातून उरलेल्या गाड्यांवर विसंबण्याचा अनुभव या देशाने एकदा घेतला आहे, आणि तोही स्वतंत्र सरकारच्या पातळीवर. १९४६ साली अमेरिकेशी झालेल्या करारानंतर महायुद्धातील उरलासुरला माल हिंदुस्थानात विक्रीस निघाला आणि 'डिस्पोजल' हा शब्द मराठी बोलीत कायमचा रुळला. पुढे काश्मीरची लढाई सुरू असताना सैन्याला जीप हव्या होत्या. १९४८ साली लंडनमधील उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी नेहमीची कार्यपद्धती बाजूला ठेवून दुरुस्त केलेल्या जुन्या जीपांचा सुमारे ८० लाख रुपयांचा सौदा केला. १५५ जीप भारतात उतरल्या आणि त्या वापरण्याजोग्या नसल्याचे आढळले. संसदेत वादळ उठले. सप्टेंबर १९५५ मध्ये गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी प्रकरण मिटल्याचे जाहीर केले आणि फेब्रुवारी १९५६ मध्ये मेनन मंत्रिमंडळात दाखल झाले.

या प्रकरणाची चर्चा आजवर 'पहिला घोटाळा' म्हणूनच होत आली. त्यातला यांत्रिक धडा मात्र कुणी वाचला नाही. तो असा, की जुनी लष्करी गाडी स्वस्तात मिळते याचा अर्थ ती स्वस्तात चालते असा होत नाही.

गंमत म्हणजे मेनन पुढे संरक्षणमंत्री असतानाच जर्मनीच्या मान कंपनीशी करार होऊन जबलपूरच्या गन कॅरेज कारखान्यात शक्तिमान ट्रक तयार होऊ लागले. जोंगाही जबलपूरचीच. (नाव ऐकून आफ्रिकेतील एखादी नदी डोळ्यांपुढे येते, पण ती जबलपूरच्या लष्करी कारखान्यांच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे आहेत.) या गाड्या चार दशके टिकल्या, कारण त्यांचे भाग बनवणारे कारखाने चालू होते. १९९०च्या दशकात शक्तिमानची जागा स्टॅलियनने घेऊ लागली, १९९९ साली जोंगाचे उत्पादन थांबले, आणि टिकाऊपणाचा तो झराच आटला. मुंबईत महिंद्रांची जीप रुजली तीही नव्या सुट्या भागांतून जुळणी करण्याच्या उद्योगामुळे. डिस्पोजलच्या ढिगातून ती उगवलेली नाही.

युरोपचे उदाहरण हमखास दिले जाते. तिथे शीतयुद्ध संपल्यावर राखीव साठ्यातील, कित्येकदा फारसे न धावलेले ट्रक बाजारात आले, आणि युनिमॉगसारखी गाडी तर शेतकरी व नगरपालिकाही वापरत असल्याने तिचे भाग सहज मिळत. आपल्याकडचा ट्रक झिजून झिजून लिलावात येतो. दोन्हींना 'सरप्लस' हे एकच नाव असले तरी वस्तू निराळी आहे.

कायद्याचे थोडक्यात. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ६० खाली संरक्षणाच्या वाहनांची नोंदणी वेगळी होते, आणि त्या कामातून सुटलेल्या गाडीला नागरी नोंदणी नव्याने घ्यावी लागते. त्याच कायद्याचे कलम ५२ मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. 'मागे खोली बांधली' हे वाक्य चित्रफितीत जितके सोपे वाटते तितके ते आरटीओच्या खिडकीपुढे राहत नाही.

मुख्य प्रश्न खरेदीचाच आहे, आणि त्यावर वर्ध्यातच फार पूर्वी विचार झाला होता. मगनवाडीचे जे. सी. कुमारप्पा यांनी 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स' हे पुस्तक लिहिले ते जबलपूरच्याच तुरुंगात. वस्तूच्या पैशांतील किमतीत तिची मानवी किंमत दिसत नाही आणि विकत घेणारा तिच्यामागच्या व्यवहाराचाही भागीदार असतो, हे त्यांच्या विचारांतील एक आग्रही सूत्र. पेट्रोल-कोळशासारख्या आटत जाणाऱ्या साठ्यांवर उभी राहिलेली अर्थव्यवस्था कलहाकडे नेते, हे दुसरे. त्यांच्या जिल्ह्यातील तरुणांनी युद्धयंत्राचा सांगाडा 'स्वातंत्र्याचे वाहन' म्हणून मिरवावा, हे विचित्र आहे.

'लष्कराने टाकलेले' या शब्दांना वर्ध्यात आणखी एक अर्थ आहे, आणि मोहिमांच्या चित्रफितींत तो कधी येत नाही. ट्रक जुना झाला की लिलाव होतो. दारूगोळा जुना झाला की तो पुलगावजवळच्या मोकळ्या मैदानात नष्ट केला जातो, आणि त्याच्या पेट्या हातांनी उतरवाव्या लागतात. २० नोव्हेंबर २०१८च्या सकाळी सोनेगाव आबाजीजवळ अशा पेट्या उतरवताना स्फोट होऊन सहा जण ठार झाले. त्यांत आसपासच्या गावांतून रोजावर आलेले कंत्राटी मजूर होते. त्या पेट्या जबलपूरच्या खमरिया कारखान्याच्या होत्या.