वार्धक्य, स्मृती आणि मूठभर दाणे

मानपाडा या नावाच्या दोन वस्त्या ठाणे जिल्ह्यात आहेत. एक घोडबंदर रस्त्यालगत, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी, जिथे एकेकाळच्या शेताडीवर आता गगनचुंबी इमारती उभ्या आहेत. आणि दुसरी डोंबिवलीच्या पूर्वेस, मानपाडेश्वराच्या देवळाच्या आसमंतात, जिथे स्टेशनाकडून येणारा गजबजलेला मानपाडा रस्ता कल्याण–शीळ मार्गाला जाऊन मिळतो. दोन्ही ठिकाणी अलीकडे एक नवी रीत रुजली आहे. सणावाराला, वाढदिवसाला किंवा परदेशातून मुलगा आला म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांच्या हाती अक्रोड-बदामांचा एक देखणा डबा ठेवला जातो आणि ‘‘बाबा, रोज चार खात जा, मेंदूला चांगले असतात,’’ असे प्रेमाने बजावले जाते. या प्रेमाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्या डब्याने आपली जबाबदारी पुरी झाली अशी जी समजूत त्याबरोबर घरात शिरते, ती मला चिंताजनक वाटते, आणि म्हणूनच हा विषय सविस्तर मांडावा असे मनात आले.

आपल्याकडे हा प्रश्न किती मोठा आहे याची कल्पना यायला फार लांब जावे लागत नाही. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने वृद्धांचे जे देशव्यापी सर्वेक्षण हाती घेतले, त्याला जोडून झालेल्या स्मृतिभ्रंशाच्या पाहणीचा निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार साठीपुढील भारतीयांपैकी 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख माणसे स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक आढळले. यातील किती घरांत ‘वय झालं, आता विसरायचंच’ या एका वाक्यावर सारे प्रकरण दप्तरदाखल झाले असेल, याचा विचार मन विषण्ण करतो.

आता अक्रोडाकडे वळू. त्याचा आकार मेंदूसारखा म्हणून तो मेंदूला हितकर, ही समजूत पुरातन आहे. सुदैवाने विज्ञानाने तिच्यावर विसंबून न राहता रीतसर परीक्षा घेतली. स्पेनमध्ये भूमध्यसागरी आहारावर झालेल्या मोठ्या प्रयोगात एका गटाला रोज 30 ग्रॅम कवचफळे दिली जात होती, त्यांपैकी निम्मे अक्रोड आणि उरलेले बदाम व हेझलनट. त्याच प्रयोगातील बार्सिलोनाच्या 447 वयस्क मंडळींची बौद्धिक तपासणी केली असता, तेल-तूप कमी करा एवढाच सल्ला मिळालेल्यांच्या तुलनेत कवचफळे खाणाऱ्यांची स्मरणशक्ती अधिक चांगली टिकल्याचे 2015 साली जाहीर झाले. साहजिकच आशा पल्लवित झाल्या. पुढे बार्सिलोना आणि कॅलिफोर्नियातील लोमा लिंडा या दोन ठिकाणी 63 ते 79 वयाच्या 708 निरोगी माणसांवर केवळ अक्रोडाचा, तोही पूर्ण दोन वर्षांचा, स्वतंत्र प्रयोग झाला, आणि 2020 मध्ये त्याचा निकाल असा लागला, की एकंदर विचार करता बुद्धीच्या ऱ्हासावर अक्रोडाचा परिणाम दिसला नाही. बार्सिलोनाच्या गटात, जिथे लोकांचे शिक्षण कमी आणि धूम्रपान अधिक होते, तिथे मात्र काही लाभाची चिन्हे दिसली. या प्रयोगाला कॅलिफोर्नियातील अक्रोड उत्पादकांच्या मंडळाचे अर्थसाहाय्य होते. ज्याच्या पैशाने परीक्षा घ्यावी त्याच्याच मालाविरुद्ध निकाल जावा आणि तो जसाच्या तसा छापला जावा, यामुळे त्या निकालावरचा माझा विश्वास दुणावला.

भुईमुगाच्या दाण्याचीही अशीच परीक्षा झाली आहे. नेदरलँड्समधील मास्ट्रिख्ट विद्यापीठात 31 निरोगी वृद्धांना 16 आठवडे रोज 60 ग्रॅम सालासकट भाजलेले दाणे दिल्यावर मेंदूचा रक्तपुरवठा थोडासा वाढला आणि शब्द लक्षात ठेवण्याच्या चाचणीत काहीशी सुधारणा झाली, असे 2025 साली प्रसिद्ध झाले. एकतीस माणसे म्हणजे फारच लहान संख्या, आणि हा खर्चही दाण्यांच्या व्यवसायाशी संबंधित संस्थेनेच उचललेला. तेव्हा यावरून कोणी दवंडी पिटू नये. परंतु एवढे म्हणायला हरकत नसावी, की ज्या घरात अक्रोडाचा डबा परवडत नाही त्या घराने स्वतःला वंचित समजण्याचे कारण नाही. शंभर ग्रॅम दाण्यांत सुमारे पंचवीस ग्रॅम प्रथिने असतात आणि त्यांतील स्निग्धांश बहुतांशी असंतृप्त, म्हणजे हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना मानवणारा असतो. मेंदूचे पोषण अखेर त्याच रक्तवाहिन्यांतून होते. अक्रोडात असलेले ओमेगा-३ जातीचे तेल दाण्यात जवळजवळ नसते हे खरे, पण त्याची भरपाई करणारी वस्तू विदर्भ-मराठवाड्याच्या स्वयंपाकघरांत पिढ्यान्‌पिढ्या आहे: जवस. भाजून कुटलेली जवसाची चटणी भाकरीबरोबर खाणाऱ्या माणसाला त्या तेलासाठी काश्मीरकडे किंवा कॅलिफोर्नियाकडे पाहावे लागत नाही. जवस मात्र कुटलेलाच हवा. अख्खा दाणा बहुधा न पचताच बाहेर पडतो.

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण वृद्धांच्या बाबतीत शब्दशः खरी होते. पण आपल्या सुगृहिणींनी त्यावरचा उपाय केव्हाच शोधून ठेवला आहे, तो म्हणजे कूट. कवळी बसवलेल्या आजोबांना अख्खे दाणे चावता येत नसतील तर काकडीच्या कोशिंबिरीत, उपासाच्या भगरीबरोबरच्या आमटीत, नाहीतर नुसत्या दह्यात कालवून तेच दाणे सुखाने पोटात जातात. अर्धांगवायूनंतर गिळायला त्रास होणाऱ्या माणसाला तर अख्खा दाणा देऊच नये, तो श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. खाऱ्या दाण्यांची पुडी, जी संध्याकाळी बागेतल्या बाकावर हातोहात फिरते, ती रक्तदाब असलेल्याने नाकारलेलीच बरी. आणि मूठभर दाणे जेवणाच्या वर खायचे नाहीत. फरसाण, खारी आणि चहाबरोबरची बिस्किटे यांच्या जागी ते आले, तरच त्यांचा गुण.

खरेदीची गोष्ट थोडी अधिक विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण ठाण्या-डोंबिवलीच्या दमट हवेत ती महत्त्वाची आहे. वाण्याच्या दुकानात पोत्यातून दाणे मापून घेताना ओंजळभर तळहातावर पसरून पाहावेत: सुरकुतलेला, काळपट, टरफलाखाली हिरवट-करडी बुरशी चढलेला, कडू लागणारा दाणा असेल तर तो माल घेऊ नये. ओलसर जागी साठवलेल्या दाण्यांवर एका जातीची बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते यकृताला घातक असून घरी भाजण्याने पुरते नाहीसे होत नाही, सबब बुरशी आलेला दाणा निवडून टाकावा, भाजून खपवू नये. अक्रोडाचे दुखणे वेगळे. त्यातील असंतृप्त तेल हवेशी संयोग पावून लवकर खवट होते, आणि तो भेटीतला देखणा डबा पाहुण्यांसाठी राखून चार महिने कपाटात ठेवला जातो तेव्हा बहुधा हेच घडते. पावसाळ्यात दाणे, कूट आणि अक्रोड हवाबंद बरणीत, जमल्यास फ्रिजमध्येच ठेवावेत.

परंतु माझे खरे म्हणणे पुढेच आहे. मेंदूच्या ज्या एका उणिवेचा निरास सहज होऊ शकतो, ती उणीव कोणत्याही दाण्याने, बदामाने वा अक्रोडाने भरून निघत नाही. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसतेच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, खेड्यातील, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गातील मिळून 441 मध्यमवयीन पुरुषांपैकी 67 टक्क्यांच्या रक्तात ब-१२ कमी आढळले, आणि सर्वांत वाईट स्थिती होती ती सुखवस्तू मध्यमवर्गाची. त्यात वय वाढले की जठरातील आम्ल कमी होऊन हे जीवनसत्त्व शोषले जात नाही. मधुमेहावरील मेटफॉर्मिन आणि वर्षानुवर्षे घेतलेल्या आम्लपित्ताच्या गोळ्या त्यात भर घालतात. मग पायांत मुंग्या येतात, चालताना तोल जातो, नावे आठवेनाशी होतात, मन उदास होते, आणि घरचे म्हणतात की आजी आता थकल्या. एका साध्या रक्ततपासणीने जे कळते आणि काही इंजेक्शनांनी वा गोळ्यांनी जे बव्हंशी सुधारते, विशेषतः वेळेवर लक्षात आले तर, ते केवळ वार्धक्याच्या नावावर खपवले जावे, याहून मोठी हेळसांड नाही. थायरॉइडच्या मांद्याचीही गोष्ट अशीच.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाची चौदा टाळता येण्याजोगी कारणे मांडली आणि जगातील जवळपास 45 टक्के प्रकरणे त्यांवर मात करून टाळता किंवा लांबवता येतील असा अंदाज दिला. त्यांत उच्च रक्तदाब आहे, मधुमेह आहे, कमी ऐकू येणे आहे, दृष्टिदोष आहे, एकाकीपण आहे, हवेचे प्रदूषणही आहे. अवजड वाहनांनी भरलेला घोडबंदर रस्ता आणि डोंबिवलीची औद्योगिक वसाहत यांच्या शेजारी राहणाऱ्यांना या शेवटच्या कारणाचे महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. श्रवणयंत्राबाबत तर शासनाची तरतूदही आहे: मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षे पूर्ण केलेल्या, अल्प उत्पन्नाच्या ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र यांसारख्या साधनांसाठी 3000 रुपये थेट खात्यात मिळतात. रक्कम तुटपुंजी आहे, तरी अर्ज करावा.

म्हणून ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांकडे माझी मागणी अशी आहे, की त्यांच्या नागरी आरोग्य केंद्रांत आठवड्यातील एक दिवस साठीपुढील नागरिकांसाठी राखून ठेवावा, आणि त्या दिवशी रक्तदाब, साखर, ब-१२, थायरॉइड, कान आणि स्मरणशक्तीची एक छोटी चाचणी एवढ्यांची एकत्र तपासणी व्हावी. ज्येष्ठ नागरिक संघांनी सभासदांची यादी देऊन त्यांना तिथे घेऊन जाण्याचे काम अंगावर घ्यावे. आणि तपासणीच्या कागदावर सोबत आलेल्या मुलाचे, सुनेचे वा शेजाऱ्याचे म्हणणे नोंदवण्यासाठी वेगळा रकाना असावा; कारण आपण विसरतो आहोत हे पुष्कळदा विसरणाऱ्याला ठाऊक नसते, आणि गॅस चालू राहिला किंवा परतीची बस चुकली हे डॉक्टरांना घरचे माणूसच सांगू शकते.