पांढर उकरणारे पंडित आणि आमची मुले

प्रत्येक गावाला काळी असते तशी पांढरीही असते. काळीत आपण पेरतो आणि पांढरीवर नांदतो. एखादे गाव पुराने, दुष्काळाने वा रोगराईने उठले, की मागे त्याची पांढर तेवढी राहते. ही जुनी पांढर शेतकऱ्याच्या लेखी फुकटच्या खताची खाण असते. गाड्याच्या गाड्या माती शेतात पडते, त्यातून खापरे निघतात, ती बांधावर फेकली जातात. अशाच टेकाडावर एखादा शिकलेला माणूस येतो, ती खापरे पिशवीत भरतो, त्यांवर ग्रंथ लिहितो आणि विद्वान ठरतो. हा माणूस कोण, तो कोणत्या शाळेत शिकला, आणि आपल्या घरातला मुलगा त्या जागी का नसावा, याचा विचार आज आम्ही वाचकांपुढे मांडणार आहोत.

प्रथम आपल्या जिल्ह्याकडे पाहा. संगमनेर तालुक्यातील जोर्वे हे प्रवरेकाठचे गाव. तेथे १९५०-५१ साली खोदकाम झाले आणि तांबड्या रंगावर काळी नक्षी काढलेली, चाकावर घडवलेली, खणखणीत भाजलेली मडकी निघाली. त्याबरोबर तांब्याच्या सपाट कुऱ्हाडीही आहेत. सुमारे ३००० वर्षांपूर्वी महाराष्ट्रभर पसरलेल्या त्या शेतकरी वस्त्यांना आज जगभरचे पंडित ‘जोर्वे संस्कृती’ म्हणून ओळखतात. ज्या नेवाशास आपण ज्ञानेश्वरीसाठी हात जोडतो, तेथे १९५४ ते १९५६ या काळात खोदकाम झाले. एका मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. ती ज्या दोऱ्यात ओवली होती, तो रेशमाचा व कापसाचा निघाला. कोष्टी-साळ्यांच्या धंद्याचा याहून जुना दाखला आपल्या मुलखात कोणी दाखवावा!

हे खोदकाम ज्यांनी चालवले ते डॉ. हसमुख धीरजलाल सांकळिया. त्यांचा जन्म १९०८ साली मुंबईत झाला. बी. ए. ला विषय संस्कृत, मग कायद्याची पदवी, मग फादर हेरास यांच्या हाताखाली नालंदा विद्यापीठावर प्रबंध, आणि १९३६ साली लंडनची पीएच. डी. तेथेच त्यांनी व्हीलर साहेबांच्या हाताखाली प्रत्यक्ष मातीत काम केले. १९३९ साली ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. त्यांच्याआधीचे काशीनाथ नारायण दीक्षित हे पंढरपूरचे. तेही संस्कृतचे पदवीधर, आणि १९३७ ते १९४४ या काळात ते सरकारी पुरातत्त्व खात्याचे मुख्य होते. नेवाशाच्या ग्रंथावर सांकळियांबरोबर ज्यांचे नाव आहे, त्या शां. भा. देव यांचा पहिला प्रबंध जैन साधुसंघाच्या इतिहासावर होता.

वाचकहो, यातली मेख ध्यानात घ्या. पुरातत्त्वाचा दरवाजा फार काळ संस्कृताच्या किल्लीने उघडत होता. ज्याच्या घरी पोथी, त्याच्याच हाती ती किल्ली. जो पोथी वाचून येतो तो साहजिकच शिलालेख, देऊळ आणि राजा यांकडे पाहतो. त्याला कुंभाराचे मडके दिसते, परंतु त्याचे कौतुक सुचत नाही. या विद्वानांना आम्ही दोष देत नाही. उलट सांकळियांनी पोथी बाजूला ठेवून दगडी हत्यारे आणि खापरे हाती घेतली, याबद्दल या जिल्ह्याने त्यांचे उपकार मानले पाहिजेत. पोथीत ज्यांचे नाव नाही, अशा शेतकऱ्याचा, कुंभाराचा, विणकराचा इतिहास त्यांच्या कुदळीने उजेडात आणला. सांगायचे एवढेच, की माणूस जेथे शिकतो तेथूनच त्याचे प्रश्न येतात. प्रश्न विचारणारा बदलला, तर उत्तरेही बदलतील.

संस्कृताखेरीज ही विद्या येतच नाही काय? विलायतेची उदाहरणे पाहा. मिसर देशातील खोदकामाला शिस्त लावणारा पेट्री हा कधी विधिवत शाळेत गेला नव्हता. बापाबरोबर जमिनीची मोजणी करता करता तो शिकला आणि १८९२ साली लंडनला प्राध्यापक झाला. तूतनखामेन राजाची कबर १९२२ साली शोधणारा कार्टर हा १७ व्या वर्षी मिसरात गेला तो चित्रे उतरवणारा कारागीर म्हणून. आणि बॅझिल ब्राउनची गोष्ट तर आपल्या घरची वाटावी. हा इंग्रज शेतकऱ्याचा मुलगा. १२ व्या वर्षी शाळा सुटली. १९३९ साली सटन हू येथे मातीतला रंग ओळखून त्याने एका राजाचे पुरलेले जहाज हुडकले. लाकूड कधीच कुजून गेले होते. राहिले होते खिळे आणि मातीतला ठसा. तो ठसा त्याने मोडू दिला नाही. पण शोध मोठा आहे असे कळताच केंब्रिजचे विद्वान आले, काम त्यांनी हाती घेतले, आणि ब्राउनचे नाव कित्येक वर्षे मागे पडले. ज्याच्या हाती ससा तो पारधी, ही म्हण विलायतेतही खरी आहे.

आता आपले दैमाबाद घ्या. श्रीरामपूर तालुक्यातील प्रवरेच्या काठचे हे ओसाड गाव. १९५८ साली बोपर्डीकर यांनी ही जागा हेरली; म. न. देशपांडे, एस. आर. राव आणि एस. ए. साळी यांनी पुढे पाळीपाळीने खोदकाम केले. साळी यांचा मोठा अहवाल १९८६ साली निघाला. परंतु दैमाबादचे नाव जगभर झाले ते १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाची मुळे खणताना सापडलेल्या चार वस्तूंमुळे : बैलजोडीचा रथ हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. सगळे भरीव धातूचे आणि वजन एकत्र मिळून ६० किलोंहून अधिक.

या वस्तू नेमक्या किती जुन्या, यावर विद्वानांत वाद आहे. पुष्कळ जण त्या सुमारे ४००० वर्षांपूर्वीच्या उत्तर हडप्पा काळातील मानतात. काहींनी धातूच्या परीक्षेवरून त्या पुष्कळ अलीकडच्या असाव्यात असे म्हटले. वाद मिटत नाही, कारण त्या कोणत्या थरात होत्या हे पाहून टिपणारा माणूस त्या वेळी तेथे नव्हता. थर म्हणजे मातीची वही. एक पान एका पिढीचे. वस्तू उपसली की पान फाटते, आणि मग वस्तू हाती राहूनही तिचे वय हरवते. त्या भिल्ल बांधवाचा यात काय अपराध? थर वाचण्याची विद्या त्याच्या वाडीपर्यंत कोणी पोचवलीच नव्हती. त्या गावात शिकलेला एक मुलगा असता, तर निम्मा वाद जागच्या जागी मिटला असता.

आणि ही विद्या आपल्याला परकी आहे काय? विहीर खणणारा माती, मुरूम आणि खडक यांची सीमा डोळे मिटून सांगतो. मडके नीट भाजले की कच्चे राहिले, हे कुंभार बोट वाजवून ओळखतो. धान्याचा जळका दाणा जवाचा की गव्हाचा, हाड बैलाचे की हरणाचे, हे ओळखण्यासाठी आज डेक्कन कॉलेजात स्वतंत्र प्रयोगशाळा आहेत. शिरूर तालुक्यातील इनामगावच्या खोदकामात जळक्या दाण्यांवरूनच कळले, की तेथील लोकांचे मुख्य पीक जव होते; तेथे पाण्याचा पाटही सापडला. हे काम वनस्पती आणि प्राणी जाणणारांचे आहे. शरद राजगुरू हे भूशास्त्राचे. नदीच्या गाळाचे थर वाचूनच त्यांनी या क्षेत्रात नाव मिळवले. संस्कृताची किल्ली आता एकटी उरलेली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी आपली गत होऊ नये.

मार्ग कोणता, तेही सांगतो. कोणत्याही शाखेची पदवी घेतलेल्या मुलामुलीस पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाची एम. ए. करता येते, नागपूर विद्यापीठातही असा विभाग आहे. पुढे केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याची ग्रेटर नोएडा येथे पदविका आहे. नोकऱ्या केंद्राच्या आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्यांत, वस्तुसंग्रहालयांत व महाविद्यालयांत असतात.

“जागा थोड्या, वाट लांब, तोवर पोट कोणी भरायचे?” असे बाप विचारील, आणि त्याचा प्रश्न रास्त आहे. वकिलाचा मुलगा चार वर्षे वाट पाहू शकतो, कोरडवाहू शेतकऱ्याचा पाहू शकत नाही. अशा धंद्यात ज्याला थांबणे परवडते तोच टिकतो, आणि मग लोक त्यालाच हुशार म्हणतात. म्हणून केवळ मुलांना उपदेश करून भागणार नाही. सहकारी साखर कारखान्यांनी, बाजार समित्यांनी आणि शिक्षणसंस्थांनी या जिल्ह्यातून दरसाल निदान एका मुलाचा आणि एका मुलीचा या शिक्षणाचा पुरा खर्च उचलावा. ज्या प्रवरेच्या पाण्यावर हे कारखाने उभे राहिले, तिच्याच काठी हा इतिहास पुरलेला आहे.

दुसरी मागणी खात्यांकडे. खोदकामावर रोजाने येणारा गावकरी महिनाभरात जमीन आणि भराव यांतला फरक ओळखू लागतो. पेट्रीने कुफ्त गावच्या मजुरांना असेच तयार केले आणि त्यांच्यातून पिढीजात कुशल खोदणारे निपजले. आपल्याकडे अशा माणसाला शिक्क्याचा दाखला द्या, अहवालात त्याचे नाव छापा, आणि पुढच्या खोदकामाला त्यालाच आधी बोलवा.

तिसरी गोष्ट आपल्या स्वतःच्या हातची आहे. पांढरीची माती विकू नका, वाहू नका. पुरलेली वस्तू सापडली तर ती जागची हलवण्यापूर्वी तलाठ्याला वा तहसीलदाराला कळवा. १८७८ च्या निखात निधी कायद्यात दडलेला ठेवा कळवणे बंधनकारक आहे आणि सापडवणाराच्या वाट्याचीही तरतूद आहे. सोनाराकडे नेलेली वस्तू वितळते. तिच्याबरोबर आपल्या पूर्वजांची साक्षही वितळते.

बापजाद्यांनी नांगर धरला, चाक फिरवले, माग चालवला. त्यांनी लिहून काही ठेवले नाही. जे ठेवले ते मातीत ठेवले. ती माती वाचण्याचे काम सर्वस्वी दुसऱ्यांवर सोपवून आपण नुसते पाटी वाहत राहिलो, तर आपला इतिहास दुसरा लिहील आणि तो आपल्याला ऐकून घ्यावा लागेल. यंदा बारावी झालेले मूल ज्या घरात आहे, त्या घराने एकदा त्याला नेवाशाच्या लाडमोड टेकडीवर न्यावे आणि तेथील एक खापर दाखवून विचारावे, की हे कोणी घडवले असेल?