घरगुती काजव्यांच्या विरोधात

माणसाने घरी काय काय करावे याला पूर्वी काही मर्यादा होती. उन्हाळ्यात पापड-कुरडया, दिवाळीत आकाशकंदील आणि भांडण बारमाही. हल्ली माणसे घरी काजवे करतात.

पाळतात असे मी म्हटले नाही, करतात. कृती सोपी आहे. जॅमची रिकामी बरणी घ्यावी. तांब्याच्या बारीक तारेत ओवलेली चिमुकल्या एलईडी दिव्यांची माळ तिच्यात सोडावी. माळेला बटणसेल जोडावा. वरून थोडे सुके गवत टाकावे, झाकण लावावे आणि झाकणाला सुतळीची गाठ मारावी. ही गाठ फार महत्त्वाची. तिच्यामुळे जॅमची बरणी 'कलाकृती' होते. ज्यांना वीज नको त्यांनी बरणीला आतून चमकत्या रंगाचे ठिपके द्यावेत. दिवसभर उजेड प्यायचा आणि रात्री तो हप्त्याहप्त्याने परत करायचा, असा हा रंग. आमच्या बँकेच्या कर्जदारांनी त्याच्यापासून काही शिकावे. याला आपल्याकडे 'रेडियम' म्हणतात. त्यात रेडियम अजिबात नसते, हे आपले नशीब.

हे सगळे ज्ञान मला एका रविवारी रात्री साडेनऊ वाजता झाले. चिरंजीवांनी जेवताना सहज सांगितले, "बाबा, उद्या शाळेत काजवे न्यायचेत." 'निसर्गाशी नाते' असे त्या प्रकल्पाचे नाव होते. मुलांचे निसर्गाशी नाते जोडायचे ठरले, की पालकांचे स्टेशनरीच्या दुकानाशी जुळते. दुकान बंद होत असताना मी माळ मिळवली. घरात रिकामी बरणी नव्हती, म्हणून अर्धी बरणी मुरांबा एका बैठकीत संपवला. या कामी सौ.ने मला एकट्याला पुढे केले. अकरा वाजता काजवे पेटले.

चिरंजीव बराच वेळ बरणीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बाबा, पण खरा काजवा असाच असतो?"

आणि माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. निदान मला ते चमकलेले ओळखता तरी आले. हा मुलगा उद्या हाच वाक्प्रचार परीक्षेत लिहील, पाच पैकी पाच गुण मिळवील आणि त्यातला काजवा त्याने जन्मात पाहिलेला नसेल!

तेव्हापासून मी घरगुती काजव्यांच्या विरोधात आहे. शेजाऱ्यांनी विचारले, "अहो, पोरांची हौस. त्यात तुमचं काय जातं?" काय जाते त्याचा हिशेब देतो. धंदाच हिशेबाचा आहे.

पहिली गोष्ट, बरणीतला काजवा विझत नाही. खरा काजवा विझतो, म्हणूनच तो काजवा. त्याच्या पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य असते. प्राणवायू मिळाला, की ल्युसिफेरेज या विकराच्या मदतीने त्यातून उजेड निघतो, आणि तोही थंड. उजेड कधी द्यायचा आणि कधी बंद करायचा हे काजवा ठरवतो, कारण ती त्याची भाषा आहे. नर उडता उडता ठरावीक अंतराने लुकलुकतो, गवतातली मादी आपल्या जातीची खूण ओळखून उत्तर देते, आणि पुढचा संसार त्यावर ठरतो. जगात काजव्यांच्या दोन हजारांवर जाती आहेत. पुष्कळ जातींची खूण वेगळी, आणि ती खूण जितकी उजेडात तितकीच मधल्या काळोखात असते. अखंड चमकणारा काजवा म्हणजे दोन शब्दांत श्वास न घेता बोलणारा माणूस. असे एक साहेब आम्हाला होते. ते काय बोलले हे बदली होईपर्यंत कोणाला कळले नाही.

दुसरी गोष्ट, बरणी. ही कल्पना मूळची आपली नाही. अमेरिकेत उन्हाळ्याच्या संध्याकाळी पोरे काजवे पकडून बरणीत ठेवत, तिथून ती आली. आपल्याकडे हा आरोप फक्त सुगरण पक्ष्यावर आहे. तो घरट्यात ओल्या मातीचे गोळे लावतो, आणि त्यात काजवे चिकटवून तो दिवाबत्ती करतो असे लोक म्हणत आले. माती खरी, दिवाबत्ती ऐकीव. मात्र मातीला सुतळीची गाठ बांधून ती त्याने पाहुण्यांना दाखवल्याचे कोणी म्हटलेले नाही. शिवाय त्या बरणीतला बटणसेल लहान मुलाने गिळला, तर काही तासांत अन्ननलिका जाळतो. खऱ्या काजव्याने आजवर कोणाला चटकासुद्धा दिलेला नाही.

तिसरी गोष्ट मोठी आहे. एका हाताने आपण काजवा पुसतो आणि दुसऱ्या हाताने बरणीत तो काढतो. काजव्याची अळी ओल्या मातीत आणि पाचोळ्यात महिनोन्‌महिने काढते, काही जातींत तर दोन-दोन वर्षे, आणि गोगलगाई खाऊन वाढते. एवढ्या मुदतठेवीवर प्रौढ काजव्याला आयुष्य मिळते अवघे काही आठवड्यांचे. तेवढ्यात आपण पाचोळा जाळतो, अंगणात फरशी बसवतो आणि झाडावर दिवा सोडतो. त्या उजेडात नराची खूण मादीला दिसत नाही. मग नर लुकलुकून थकतो, मादी वाट पाहून थकते, आणि आपण म्हणतो, "हल्ली काजवे दिसत नाहीत बुवा, चला, घरी करू."

ज्यांना घरचे नको असतात ते महोत्सवाला जातात. मेअखेर ते जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर, भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागांत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशी झाडे काजव्यांनी लगडतात. कधी कधी सगळे झाड एका तालात उजळते आणि विझते. ते पाहायला आपण मोटारीचे दिवे लावून जातो, मोबाइलचे दिवे लावून चालतो आणि फोटोला चकचकाट पाडतो. कित्येक जातींच्या माद्यांना उडताच येत नाही. त्या गवतात बसलेल्या असतात आणि गवतात आपले बूट असतात. लग्नाला जाऊन नवरीला तुडवून यायचे, आणि वर "काय सोहळा झाला!" म्हणायचे, असा हा प्रकार.

एवढे बोलल्यावर स्वस्थ बसवेना. मे संपता संपता चिरंजीवांना घेऊन मी आजोळी, राजापूर तालुक्यात गेलो. लहानपणी तिथे वहाळाच्या काठचे जांभळीचे झाड रात्री इतके चमके, की आम्ही घाबरून आजीच्या पदराआड जात असू. झाड जागेवर होते. शेजारी खांब होता, आणि खांबावर पांढरा लख्ख दिवा, थेट जांभळीच्या तोंडावर. काजवा एकही नाही. चिरंजीवांनी माझ्याकडे पाहिले. आमचे ग्राहक चेक परत आल्यावर पाहतात तसे.

मी मामाला म्हणालो, "मामा, हा दिवा बंद करायला सांग ना."

मामा शांतपणे सुपारी कातरत म्हणाला, "भाचेबुवा, हा दिवा यावा म्हणून मी सात वर्षं अर्ज केलेत. तुझ्या मामीला ह्याच पाणंदीत फुरसं चावलं. काळोखात दिसलं नाही. वाचली ती नशिबाने. तू दोन दिवस काजवे बघून जाशील. इथे रोज चालायचं आम्हाला."

माझे सगळे भाषण तिथे संपले. शहरातल्या माणसाने खेड्यातल्या माणसाकडे काळोख मागणे म्हणजे जेवून उठलेल्याने उपासाचे माहात्म्य सांगणे. मी गप्प बसलो. बोलले ते चिरंजीव. "मामाआजोबा, फुरसं झाडावर असतं का?"

"नाही रे, जमिनीवर."

"मग दिवा झाडावर कशाला मारताय?"

मामाने अडकित्ता खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघांनी घरी एक वस्तू केली. तेलाचा पत्र्याचा रिकामा डबा उभा कापला, आतून-बाहेरून काळा रंग दिला आणि त्याची टोपी वाकवली. ग्रामपंचायतीच्या वायरमनला चहा पाजून ती दिव्यावर बसवून घेतली. सुतळीची गाठ मारली नाही. रात्री उजेड पाणंदीत पडला, अगदी पूर्वीसारखा. मामीने स्वतः चालून पाहिले आणि पाऊल टाकायची जागा दिसते असा दाखला दिला. जांभूळ मात्र काळोखात गेली.

पहिल्या रात्री काही नाही. दुसऱ्या रात्री काही नाही. तिसऱ्या रात्री चिरंजीवांनी माझा हात घट्ट धरला. जांभळीच्या खालच्या फांदीवर एक ठिपका उजळला आणि विझला. थोडे थांबून गवतातून दुसरा. मग वहाळाच्या बाजूने तिसरा. आम्ही दोनदा मोजले. तीनच होते, रक्कम जुळली. पोरगा एक अक्षर बोलला नाही. जन्मात पहिल्यांदा त्याने माझ्याकडे मोबाइल मागितला नाही.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच. घरी काहीतरी करायचीच खुमखुमी असेल, तर काजवा करू नका. दिव्याची टोपी करा. गच्चीवरचा, अंगणातला, सोसायटीच्या आंब्यावर उगाच रोखलेला दिवा खाली वळवा. कोपऱ्यातला पाचोळा एक वर्ष राहू द्या. काजवा आपल्याला करता येत नाही. त्याला लागणारा काळोख तेवढा आपल्या हातात आहे, आणि त्याला खर्च एका रिकाम्या डब्याचा.

शाळेतल्या प्रकल्पाला 'ब' श्रेणी मिळाली. 'काजवे पुरेसे चमकत नाहीत' असा शेरा होता. बटणसेल स्वस्तातला होता. बरणी मी धुऊन परत सौ.च्या स्वाधीन केली आहे. तिच्यात सध्या नवा मुरांबा आहे.