पासिंगचा कागद देशभर चालतो, ब्रेकचे काय?

गळीत हंगाम सुरू झाला की सीमाभागातल्या रस्त्यांवरून रात्री जाणे म्हणजे जीव मुठीत धरून जाणे. पुढे उसाने खच्चून भरलेल्या दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना लाल पट्टी, आणि त्यांच्या मागून अंधारात येणारा मोटारसायकलवाला. हे चित्र सांगली, कोल्हापूर, सोलापूरच्या शेतकऱ्याला नवे नाही, तसे ते चिक्कोडी-अथणीच्या शेतकऱ्यालाही नवे नाही. ऊस काही राज्याची हद्द ओळखत नाही. इकडचा ऊस तिकडच्या कारखान्याला जातो, तिकडचा इकडे येतो. पण हद्द ओलांडली की गाडीमालकाच्या पोटात गोळा येतो. ‘इथला साहेब आपले कागद मानेल का?’ हा त्याचा पहिला प्रश्न असतो. ‘आपल्या गाडीचा ब्रेक लागेल का?’ हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही. आजचा आमचा विषय हाच आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ चा. तो १ जुलै १९८९ पासून देशभर लागू आहे. त्याच्या ५६ व्या कलमाप्रमाणे माल किंवा प्रवासी वाहणाऱ्या प्रत्येक गाडीला योग्यता प्रमाणपत्र लागते. आपण त्यालाच ‘पासिंग’ म्हणतो. ते नसेल तर गाडीची नोंदणीच वैध धरली जात नाही. २०१८ मध्ये केंद्राने नियम बदलला, त्यानुसार नव्या गाडीला दोन वर्षांचे पासिंग मिळते, आठ वर्षांपर्यंत ते दर दोन वर्षांनी करायचे आणि त्यानंतर दरवर्षी. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे एका राज्यात दिलेले योग्यता प्रमाणपत्र मुदत असेपर्यंत साऱ्या भारतात चालते, असे त्याच कलमात स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे बेळगावच्या नाक्यावरचा साहेब ‘हा महाराष्ट्राचा कागद आहे, इथे चालणार नाही’ असे म्हणू शकत नाही. शेतकऱ्याने आणि ट्रकमालकाने ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी.

कायदा एक, कागद एक. मग फरक पडतो कुठे? तो पडतो तपासणीत, दंडात आणि अंमलबजावणीत. वाहनांचा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे. कायदा दिल्लीचा, पण तो राबवणारे परिवहन खाते राज्याचे. त्यामुळे एकाच कायद्याची तऱ्हा राज्याराज्यांत निराळी दिसते.

दंडाचेच पाहा. २०१९ मध्ये संसदेने दंडाच्या रकमा भरमसाट वाढवल्या. गुजरातने त्याच सप्टेंबरात अनेक रकमा खाली आणल्या. महाराष्ट्राने तर नवे दर लागू करायला २०२१ चा डिसेंबर उजाडू दिला. पासिंगला उशीर झाला की दिवसाला ५० रुपये जादा शुल्क, हा केंद्राचा नियम २०१६ चा. आपल्याकडे २०२४ मध्ये त्याची वसुली सुरू होताच रिक्षावाले रस्त्यावर उतरले आणि सरकारला स्थगिती द्यावी लागली. पंजाबात २०२२ मध्ये मोटारसायकलला जोडलेल्या जुगाड गाड्या बंद करण्याचा हुकूम निघाला आणि गरिबांचा ओरडा होताच तो मागे घेतला गेला. उत्तर प्रदेशात कानपूरजवळ घाटमपूरला १ ऑक्टोबर २०२२ रोजी देवदर्शनाहून परतणाऱ्या माणसांनी भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली पाण्यात उलटली. पंचवीसहून अधिक माणसे गेली, त्यांत बायका आणि लेकरे होती. मग तिथल्या सरकारने ट्रॉलीतून माणसे नेण्याविरुद्ध कडक पवित्रा घेतला. कुठे ओरडा झाला म्हणून नियम सैल, कुठे चिता पेटल्या म्हणून नियम कडक. दोन्हीकडे नियम तोच होता.

तपासणीचा फरक तर याहून गंभीर आहे. आपल्या राज्यात पासिंग कसे होत असे, हे गाडीवाल्यांना सांगायला नको. गाडी उभी केली, साहेबांनी एक चक्कर मारली, दिवे लावून पाहिले, हॉर्न वाजवला, एजंटाने कागद पुढे सरकवला, झाले. या प्रकाराविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. ब्रेक तपासायचा तर गाडी चालवून पाहिली पाहिजे, त्यासाठी २५० मीटरचा चाचणी मार्ग हवा, असे न्यायालयाने सरकारला बजावले. असा मार्ग नसलेल्या कार्यालयांतले पासिंग २०१७ मध्ये थांबवावे लागले आणि गाड्या दूरदूरच्या कार्यालयात हाकाव्या लागल्या. गाडीवाल्यांना त्रास झाला, हे खरे. पण ब्रेक चालवून पाहावा, हे सांगायला उच्च न्यायालय लागले, हे त्याहून खरे.

आता केंद्राने यंत्राची वाट धरली आहे. स्वयंचलित तपासणी केंद्रांचे नियम २०२१ मध्ये निघाले. गाडी रुळावर चढवायची, चाके फिरवून ब्रेकची ताकद यंत्रानेच मोजायची, दिव्याचा झोत, धूर, चाकांची चाल हे सारे यंत्रानेच टिपायचे. अवजड गाड्यांना हे १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचे व्हायचे होते, पण केंद्रेच उभी नव्हती, म्हणून मुदत पुढे ढकलावी लागली. परिणाम काय झाला? ज्या जिल्ह्यात केंद्र उभे राहिले तिथल्या गाडीची परीक्षा यंत्राने घेतली, शेजारच्या जिल्ह्यातल्या गाडीची परीक्षा निरीक्षकाच्या नजरेने झाली. दोघांना कागद सारखाच मिळाला आणि दोन्ही गाड्या एकाच घाटातून उतरल्या. परीक्षा वेगळी आणि प्रमाणपत्र एकच, असे शाळेत केले तर पालक मास्तरांना जाब विचारतील. रस्त्यावर मात्र आपण गप्प बसतो.

बाहेरच्या देशात काय आहे, असा प्रश्न कुणी विचारील. अमेरिकेत तर खासगी मोटारींना सगळ्या देशाचा मिळून एक नियमच नाही. पेनसिल्व्हेनिया राज्यात दरवर्षी गाडी तपासून घ्यावी लागते, तर टेक्सास राज्याने खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी १ जानेवारी २०२५ पासून बंदच करून टाकली. तिथेही यावर वाद आहेत. पण एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल नेणाऱ्या अवजड ट्रकला वर्षातून एकदा तपासणी, हा नियम साऱ्या देशाला एकच आहे. घरची मोटार राज्याच्या मर्जीवर सोडली, पण दुसऱ्याच्या जिवावर उठू शकणारी अवजड गाडी सोडली नाही. आपल्याकडे कायद्याने एकी आहे आणि व्यवहारात बेकी.

आता आपल्या दारातल्या ट्रॅक्टरकडे वळू. केंद्रीय नियमांत शेतीचा ट्रॅक्टर हा परिवहनेतर वाहन धरला आहे. त्यामुळे ट्रकसारखे वरचेवर पासिंग त्याला लागत नाही. शेतकऱ्याला ही सवलत हवीच, ती कुणी काढून घेऊ नये. पण ट्रॉली? कायद्याच्या ६१ व्या कलमाप्रमाणे ट्रेलरलाही गाडीसारखीच नोंदणी लागते. गावच्या वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून बनवलेल्या किती ट्रॉल्यांना नोंदणी आहे? किती ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक आहे? ग्रामपंचायतीच्या कट्ट्यावर बसून प्रत्येकाने आपापल्या गावापुरते मोजून पाहावे.

आणखी एक मेख आहे. शेतातला माल घरी किंवा बाजारात नेला तर ते शेतीचे काम. पण तोच ट्रॅक्टर विटा, वाळू, खडी भाड्याने वाहू लागला की वाद उभा राहतो. कर्नाटकातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ट्रॅक्टर आणि ट्रेलर जोडून माल वाहिला की ते मालवाहू वाहन होते, असा निकाल दिला. ते प्रकरण शेतकऱ्याचे नव्हते, अवजड माल वाहणाऱ्या कंपनीचे होते. पण अपघात झाल्यावर समोरचा वकील तोच निकाल शेतकऱ्यापुढे ठेवणार, हे उघड आहे. परवाना नसलेल्या एका ट्रकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले की विमा कंपनीने मयताच्या घरच्यांना भरपाई द्यावी आणि मग ती रक्कम गाडीमालकाकडून वसूल करावी. मालकाकडून म्हणजे कुठून? सातबाऱ्यावरूनच ना! म्हणून ‘आपली गाडी कोण तपासतंय?’ असे म्हणून हसण्यावारी नेण्याचा हा विषय नाही. एका रात्रीच्या अपघातात एका घरातला कर्ता जातो आणि दुसऱ्या घरातली जमीन जाते.

जुनी गाडी घेणाऱ्यांनाही चार शब्द सांगायला हवेत. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने तिला काहीसा आवर घातला. पण या काळात तिकडच्या जुन्या गाड्या स्वस्तात इतर राज्यांत विकल्या गेल्या. तिकडे वयाने बाद झालेली गाडी इकडे चालते, कारण वयाचा हा नियम तिकडचाच. ती चालते म्हणून ती चांगली आहे, असे मात्र नाही. अशी गाडी घेताना तिकडच्या कार्यालयाचा ना-हरकत दाखला घ्या, बारा महिन्यांच्या आत इथला नंबर घ्या, आणि सौदा होण्याआधी आपल्या माहितीतल्या मेस्त्रीला गाडीखाली झोपायला लावा. दलालाच्या शब्दापेक्षा मेस्त्रीचे काळे झालेले हात जास्त खरे सांगतात.

तपासणीचे जाचक ओझे गरीब गाडीवाल्यावर पडते, ही तक्रार आम्हाला मान्य आहे. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या ट्रकचे पासिंगचे शुल्क १,५०० वरून १२,५०० रुपयांवर नेले. नंतरही दरवाढ झाली. ज्याच्याकडे एकच जुना ट्रक आहे त्याने एवढे पैसे आणायचे कुठून? पासिंगसाठी गाडी शंभर किलोमीटरवर न्यायची म्हटले की डिझेल गेले, दिवस गेला, भाडे बुडाले. मग माणूस आडवाट शोधतो. तपासणी जितकी लांब आणि महाग, तितका एजंट गब्बर. म्हणून नियम कडक करणाऱ्यांनी आधी तपासणी जवळ आणावी.

सरकारकडे आमच्या मागण्या तीनच आहेत. पहिली, परीक्षा सगळीकडे एकसारखी घ्या. यंत्र असेल तर प्रत्येक जिल्ह्यात असू द्या, आणि नसेल तिथे निदान ब्रेक चालवून पाहिल्याशिवाय कागद देऊ नका. दुसरी, हंगामाआधी ऑक्टोबरात दर तालुक्याला परिवहन कार्यालयाचा कॅम्प लावा. कारखान्याच्या आवारात ट्रॉल्यांची नोंदणी, ब्रेक, पिन, दिवे तपासून द्या. पहिल्या वर्षी दंड नको, दुरुस्तीला मुदत द्या. तिसरी, महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या परिवहन खात्यांनी हंगामापुरते तरी एकत्र बसून ऊसवाहतुकीचे नियम सारखे करावेत आणि ते मराठीत व कन्नडात नाक्यावर लावावेत. साहेब बदलला की नियम बदलला, असे होता कामा नये.

पण सगळे सरकारवर ढकलून चालणार नाही. सरपंच, पोलीस पाटील आणि ग्रामसेवकांनी मनावर घेतले तर गावातल्या ट्रॉल्यांची यादी आठ दिवसांत होईल. कारखान्यांनी वाहतुकीचा करार करताना मागच्या लाल पट्टीची आणि दिव्याची अट घालावी आणि ती वजनकाट्यावर पाहावी. आणि शेतकरी बंधूंनी ट्रॉली जोडताना पिनला खिळा नव्हे तर नीट लॉक लावावे, दिव्याची वायर जोडावी, लग्नाच्या वऱ्हाडाला आणि जत्रेला ट्रॉली काढू नये. याला ना आरटीओ लागतो ना कोर्ट.

बैलगाडीच्या काळात म्हातारी माणसे गाडी जुंपण्याआधी कुणी न सांगता चाकाला वंगण घालीत, धुरी आणि खीळ पाहत. तेव्हा पासिंगचे कार्यालय नव्हते, पण पासिंग रोज होत होते. ट्रॅक्टर आला, ताकद वाढली, वेग वाढला, पण ती सवय सुटली. महाराष्ट्राचा नियम काय आणि कर्नाटकाचा काय, हे वाद चालू राहतील. उताराला लागलेली ट्रॉली मात्र आपण कोणत्या राज्यात आहोत हे विचारत नाही.