ती बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता? लख्ख आठवतंय? मग एकदा घड्याळ बघा

सप्टेंबर आला की आमच्या डिजिटल डेस्कवर एक पोस्ट ठरलेली असते. ‘९/११ ची बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता?’ वाचक भरभरून लिहितात. कोण हॉस्टेलच्या मेसमध्ये होतं, कोण लग्नाच्या खरेदीला, कोण एसटीत. गेल्या वर्षी त्यातले मेसेज निवडायचं काम माझ्याकडे होतं. वाचता वाचता लक्षात आलं, बऱ्याच जणांनी ‘त्या दिवशी सकाळी’ असं लिहिलंय.

इथेच अडलं. ११ सप्टेंबर २००१ ला पहिलं विमान वर्ल्ड ट्रेड सेंटरवर आदळलं ते न्यूयॉर्कच्या वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे ६ वाजून १६ मिनिटं झाली होती. दुसरं विमान ६ वाजून ३३ मिनिटांनी. रात्री आठच्या आत दोन्ही टॉवर कोसळले होते. म्हणजे महाराष्ट्रात बसून ही बातमी ‘मंगळवारी सकाळी कॉलेजला जाताना’ कळणं शक्यच नव्हतं.

मला हसू आलं. मग आठवलं, आमच्या घरातली गोष्टही सकाळचीच आहे.

पप्पांची गोष्ट

पप्पा तेव्हा कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत होते. त्यांची गोष्ट मी लहानपणापासून ऐकलीय. पहिली पाळी होती. सकाळी चहाच्या सुट्टीत कॅन्टीनमध्ये बातमी कळली. त्यांच्या दोस्ताचा मुलगा तेव्हा नोकरीसाठी न्यू जर्सीत होता. काका तिथेच रडायला लागले. पप्पा त्यांना स्कूटरवर बसवून एसटीडी बूथवर घेऊन गेले, तासभर थांबले, शेवटी फोन लागला आणि मुलगा सुखरूप असल्याचं कळलं.

मी फोन केला आणि म्हटलं, “पप्पा, ते सकाळी झालंच नव्हतं. आपल्याकडे संध्याकाळ होती.”

पप्पा क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, “म्हणजे मी पंचवीस वर्षं खोटं सांगतोय होय?” आणि फोन आईकडे दिला. आईने लगेच तिची गोष्ट सांगितली. “हे त्या संध्याकाळी घरीच होते. तू तापाने फणफणली होतीस, माझ्या मांडीवर होतीस. आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलं.”

पुढचे तीन दिवस पप्पा माझ्याशी मोजकंच बोलले. मला वाटलं होतं मी एक साधी चूक दाखवली. त्यांना वाटलं, मी त्यांचं दोस्ताला घेऊन बूथवर जाणंच खोटं ठरवलं.

फ्लॅशबल्ब मेमरी म्हणजे काय?

मोठी धक्कादायक बातमी ऐकली तो क्षण फोटोसारखा लख्ख आठवत राहतो. कुठे होतो, कुणी सांगितलं, हातात काय होतं. या आठवणीला रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये ‘फ्लॅशबल्ब मेमरी’ असं नाव दिलं. त्यांनी ८० जणांना विचारलं होतं, अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या हत्येची बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता? घटना २२ नोव्हेंबर १९६३ ची. इतक्या वर्षांनीही जवळपास सगळ्यांना तो क्षण आठवत होता.

मार्टिन ल्यूथर किंग यांच्या १९६८ मधल्या हत्येबाबत मात्र फरक दिसला. कृष्णवर्णीय लोकांमध्ये अशी आठवण असणाऱ्यांचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त होतं. बातमी जितकी आपली, तितका फ्लॅश प्रखर.

पण या अभ्यासात एक गोष्ट राहून गेली. लोक जे सांगत होते ते खरं आहे का, हे तपासायला काही साधनच नव्हतं.

मग खरं-खोटं कसं कळलं?

२८ जानेवारी १९८६ ला ‘चॅलेंजर’ हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत उद्ध्वस्त झालं. सातही अंतराळवीर गेले. अटलांटातल्या एमरी विद्यापीठात उल्रिक नायसर यांनी दुसऱ्याच दिवशी सकाळी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, बातमी कुठे कळली, कुणाकडून, तेव्हा काय करत होता. सुमारे अडीच-तीन वर्षांनी त्यांनी आणि निकोल हार्श यांनी त्यातल्या ४४ जणांना पुन्हा तेच प्रश्न विचारले.

पाव विद्यार्थ्यांचं एकही मुख्य उत्तर पहिल्या उत्तराशी जुळलं नाही. एका विद्यार्थिनीने घटनेनंतर लगेच लिहिलं होतं की, वर्गात असताना आत आलेल्या मुलांच्या बोलण्यातून तिला कळलं. नंतर मात्र तिला ठामपणे आठवत होतं की ती हॉस्टेलच्या खोलीत मैत्रिणीसोबत टीव्ही बघत होती. काहींना त्यांच्याच अक्षरातला कागद दाखवला, तरी ते नव्या आठवणीवर ठाम राहिले.

नायसर यांना हा विषय का सुचला असेल? त्यांची स्वतःची एक आठवण होती. ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा ते शाळकरी वयाचे होते, रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत होते आणि मध्येच बातमी आली. कित्येक वर्षांनी त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला की, अमेरिकेत डिसेंबरमध्ये बेसबॉलचे सामने होतच नाहीत. दुसऱ्या अभ्यासकांनी पुढे शोधलं, तर त्या दिवशी रेडिओवर फुटबॉलचा सामना होता. म्हणजे आठवण पूर्ण खोटी नव्हती. एक तुकडा बदलला होता, एवढंच.

आठवण फिकी होते, खात्री होत नाही

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा अभ्यास ड्यूक विद्यापीठातला आहे. जेनिफर तलारिको आणि डेव्हिड रुबिन यांनी १२ सप्टेंबर २००१ ला ५४ विद्यार्थ्यांकडून दोन आठवणी लिहून घेतल्या. एक आदल्या दिवशीच्या हल्ल्याची बातमी कळल्याची, दुसरी त्याच दिवसांतली एखादी साधी घटना. मग कुणाला १, कुणाला ६ आणि कुणाला ३२ आठवड्यांनी पुन्हा विचारलं.

दोन्ही आठवणी सारख्याच वेगाने बदलत होत्या. फरक एकच होता. साध्या घटनेबद्दल मुलं म्हणत होती, ‘आता नीटसं आठवत नाही.’ हल्ल्याच्या बातमीबद्दल मात्र त्यांची खात्री तशीच होती.

विल्यम हर्स्ट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या हजारो लोकांना दहा वर्षं असेच प्रश्न विचारले. विसरायचं ते बहुतेक पहिल्या वर्षातच विसरलं जातं. मग जी गोष्ट तयार होते, चूक असो की बरोबर, ती तशीच पक्की होते. हल्ल्याबद्दलच्या चुका टीव्ही-पेपर बघून नंतर दुरुस्त होतात. पण तुमच्या कॅन्टीनमध्ये काय झालं, याचा खुलासा कुठल्याच चॅनेलवर येत नाही.

न पाहिलेलं दृश्यही आठवतं

तेव्हाचे अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश त्या सकाळी फ्लोरिडातल्या एका शाळेत होते. नंतर त्यांनी जाहीरपणे सांगितलं की, वर्गात जाण्याआधी त्यांनी पहिलं विमान आदळताना टीव्हीवर बघितलं. ते शक्य नव्हतं, कारण पहिल्या धडकेचं चित्रीकरण त्या वेळी कुठेच दाखवलं गेलं नव्हतं. कटाच्या थिअरी मांडणाऱ्यांनी हेच वाक्य पकडलं, ‘म्हणजे यांना आधीच माहीत होतं!’ फ्लॅशबल्ब मेमरीवरचं संशोधन बघितलं तर उत्तर साधं आहे. इतरांसारखीच त्यांचीही आठवण चुकली.

नेदरलँड्समधलं उदाहरण आणखी बोलकं आहे. ४ ऑक्टोबर १९९२ ला अॅमस्टरडॅममध्ये मालवाहू विमान निवासी इमारतींवर कोसळलं. कोसळतानाचं चित्रीकरण नव्हतंच. तरीही दहा महिन्यांनी ‘तुम्ही ते दृश्य टीव्हीवर बघितलं का?’ असं विचारल्यावर निम्म्याहून जास्त लोकांनी ‘हो’ सांगितलं.

मी कुठे वेगळी आहे? मी तेव्हा जेमतेम चार-पाच वर्षांची होते. तरी मला ते ‘आठवतं’. निळंशार आकाश, टॉवरमधून निघणारा काळा धूर, आमचा टीव्ही. हे आईला सांगितलं, तर ती हसली. “अगं, आपला कलर टीव्ही दोन हजार चारला आला. तेव्हा ब्लॅक अँड व्हाइट होता.” माझं निळं आकाश पुढच्या कुठल्यातरी वर्षीच्या व्हिडिओतलं आहे.

आणि आईचं काय? तिच्या जुन्या हिशेबाच्या वहीत माझ्या तापासाठी डॉक्टरांना दिलेले पैसे आहेत. तारीख आहे २० सप्टेंबर. तिघांच्या तीन आठवणी आणि तिन्हींत काही ना काही चुकलेलं.

असं होतं का?

इंजिनिअरिंगला असताना मला वाटायचं, मेमरी म्हणजे फाइल. उघडायची, वाचायची, बंद करायची. मेंदूत असं होत नाही. आठवण दर वेळी तुकड्यांतून नव्याने जुळवली जाते आणि तीच नवी जुळणी पुढे साठते. गोष्ट जितक्या वेळा सांगू, तितक्या वेळा तिची डागडुजी होते.

बातमी आपण एकदाच ऐकत नाही, हेही कारण आहे. रात्री टीव्हीवर, सकाळी पेपरमध्ये, मग ऑफिसात. त्यातला सगळ्यात जिवाला लागलेला क्षण ‘पहिला क्षण’ म्हणून मनात बसतो. घटना खरी असते, तारीख सरकलेली असते.

आता मोबाइल आहे, मग अडचण काय?

मोबाइलवर नोटिफिकेशनची वेळ असते, फोटोची वेळ असते. पण फोन बदलतो, चॅट उडतात. आणि उरलं तरी ते किती वाजता एवढंच सांगतं. शेजारी कोण होतं, पहिला फोन कुणाला केला, हे त्यात नसतं. हर्स्ट यांच्या अभ्यासात तर ‘तेव्हा मला काय वाटलं’ याबद्दलची उत्तरंच सगळ्यात जास्त बदललेली होती.

माझं मत

एक, ‘मला अगदी स्पष्ट आठवतंय’ हा पुरावा नाही. घरातल्या वादात नाही, बातमीत नाही आणि साक्षीदाराच्या जबाबातही नाही. बातमीदार म्हणून मी आता वाचकाची आठवण छापताना तारीख, वार आणि आपली वेळ तपासते. तुम्हीही तपासू शकता. इंदिरा गांधींवर ३१ ऑक्टोबर १९८४ ला सकाळी गोळ्या झाडल्या गेल्या, पण आकाशवाणीने त्यांच्या निधनाची बातमी दिली ती संध्याकाळी. २६/११ च्या रात्री कटकला भारत-इंग्लंड वनडे होती. अशा खुणांवर आपली आठवण लावून बघा.

दोन, चुकीची आठवण सांगणारा माणूस खोटं बोलत नसतो. हे मला आधी कळायला हवं होतं. मी पप्पांना घड्याळ दाखवलं, पण ‘मग तुमची सकाळ कुठली?’ हे विचारलंच नाही.

तीन, पुढच्या वेळी अशी बातमी आली की फॉरवर्ड करण्याआधी चार ओळी लिहून ठेवा. तारीख, वेळ, जागा, कुणी सांगितलं, काय वाटलं. स्वतःलाच व्हॉट्सअॅप करा किंवा आईसारखी वहीत नोंद करा. त्याच दिवशी लिहा. पुढच्या वर्षी लिहिलेलं वेगळं असेल.

चौथ्या दिवशी मी काकांनाच फोन लावला. ते म्हणाले, “बारा तारीख होती ती. अकराच्या रात्रभर मी शेजाऱ्यांच्या फोनवरून लावत होतो, लाइन लागेना. सकाळी कॅन्टीनमध्ये पेपरात टॉवरचा फोटो बघितला आणि माझा धीर सुटला. तुझ्या पप्पांनी मला उचलून स्कूटरवर बसवलं. त्यांचा अर्धा दिवसाचा पगार कापला गेला त्या दिवशी.”

पगार कापल्याचं पप्पांनी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. मी ते विचारलं, तर म्हणाले, “ते काय सांगायचंय?” मग थोडं थांबून म्हणाले, “बारा तारीख होती म्हण की.”

या वेळी मी ते लिहून ठेवलंय. तारखेसह.