कंपूबाहेरची मुलं

वर्गात कंपू असतात, हे कुठल्याही शिक्षकाला सांगावं लागत नाही. पहिल्या बाकावरच्या हुशारांचा एक, क्रिकेटवाल्यांचा एक, एकाच रिक्षातून येणाऱ्यांचा एक. आणि यातल्या कशातच नसलेलं एखादं मूल असतं. मधल्या सुट्टीत ते डबा घाईघाईने संपवतं आणि उगाचच नळावर हात धूत उभं राहतं. इतकी वर्षं मराठी शिकवलं, पण असं मूल नसलेला वर्ग काही मला मिळाला नाही.

तर प्रश्न असा, की या मुलाच्या हातात आपण कुठलं पुस्तक देतो?

इंग्रजीत अशा पुस्तकांचा वेगळा कप्पाच आहे, 'यंग अ‍ॅडल्ट' नावाचा. एस. ई. हिंटन या मुलीने शाळकरी वयातच 'द आउटसायडर्स' लिहायला घेतली आणि १९६७ साली ती छापून आली. तेव्हापासून तिकडे एकट्या पडलेल्या मुलामुलींच्या कादंबऱ्यांची रांगच लागली. आपल्याकडे 'कुमार वाङ्मय' आहे, १९७१ पासून बालभारतीचं 'किशोर' आहे, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे. फुरसुंगीचा हा काटकुळा बन्या पुण्याच्या शाळेत येतो आणि धाडसाच्या जोरावर सगळ्यांचा लाडका होतो. मजा येते वाचायला! पण ज्या मुलाला चोर पकडता येत नाही, त्याने काय करायचं?

आमच्या नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली साने गुरुजींनी लिहिलेली 'श्यामची आई' घ्या. पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला आई मारून विहिरीवर पाठवते. का? तर लोकांनी आपल्या मुलाला भित्रा म्हणू नये म्हणून. आईची माया त्यात आहेच, आणि पोहणं शिकता येतं हेही खरं. पण पोरं ज्याला हसतात ते बदलण्यासारखं नसेल तर? रंग, बोलणं, जात, तोतरेपणा... यांना कुठल्या विहिरीत ढकलणार?

सुरगाण्याकडची एक मुलगी नववीत आमच्याकडे आली होती. वसतिगृहात राहायची. तिचं बोलणं डांगी वळणाचं. पहिल्याच आठवड्यात तिने वाचायला तोंड उघडलं आणि वर्ग खुसखुसला. त्यानंतर ती वर्षभर "येत नाही बाई" एवढंच म्हणायची. येत सगळं होतं. वही तपासताना कळायचं. तिला मी प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' दिलं. त्यातला लंपन आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहतो. बेळगावकडची कानडी वळणाची मराठी बोलतो, त्याच बोलीत विचार करतो, आणि लेखकाने ती कुठेही 'शुद्ध' केलेली नाही. तिने पुस्तक परत करताना एकच विचारलं, "बाई, असं बोललेलं छापतात?"

त्या एका प्रश्नात मला सगळं आलं. आपण जसे आहोत तसे छापले जाऊ शकतो, हे कळणं ही त्या वयात फार मोठी गोष्ट आहे.

गंमत म्हणजे अशी पुस्तकं मराठीत नाहीत असं नाही. ती फक्त मोठ्यांच्या कपाटात आहेत. 'वनवास' १९९४ चं. मिलिंद बोकिलांची 'शाळा' २००४ ची, आणीबाणीच्या काळातल्या नववीच्या वर्गाची. लक्ष्मण माने यांच्या १९८० च्या आत्मकथनाचं नावच 'उपरा'. कैकाडी कुटुंबातलं पोर, गाढवावर बिऱ्हाड, गावोगाव टोपल्या विणत फिरणं आणि त्यातून शाळा. यापेक्षा बाहेरचं मूल कुठे शोधणार? पण 'उपरा' आपण एम.ए.च्या अभ्यासाला ठेवतो आणि नववीच्या पोराला म्हणतो, "हे तुझ्या वयाचं नाही." अहो, ते घडलं तेव्हा लिहिणाऱ्याचं वय तेच होतं ना!

'शाळा'बद्दल पालक हमखास म्हणतात, त्यात प्रेमप्रकरण आहे, शिव्या आहेत. आहेत. वर्गातही आहेत. वाचनालयातून पुस्तक दडवल्याने वर्ग काही सोवळा होत नाही. हां, चौथी-पाचवीच्या मुलाला मी ते देणार नाही. 'उपरा'मधली काही पानं बोचतात. ती वाचताना जवळ कोणीतरी मोठं असावं, हेही मान्य. पण त्यासाठी मोठ्यांनी आधी वाचलेलं हवं! खरी अडचण तिथेच आहे.

आता एक मुद्दा, ज्यावर माझं आणि घरातल्या तरुण मंडळींचं पटत नाही. ते म्हणतात, "मुलांना स्वतःला स्वीकारायला शिकवा, बाकी आपोआप होईल." स्वीकारावं हे ठीकच. पण २०१४ मध्ये नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' आला, तो आठवून पाहा. जब्या आवडत्या मुलीसाठी काळ्या चिमणीमागे रानोमाळ हिंडतो. शेवटी दगड उचलून भिरकावतो तो थेट बघणाऱ्यांकडे. त्याने स्वतःला कितीही स्वीकारलं तरी हसणारे हसतच राहिले असते. सगळं ओझं त्या एकट्या पोरावर टाकणं मला पटत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की ही पुस्तकं कंपूबाहेरच्या मुलापेक्षाही कंपूतल्या मुलांना आधी द्यावीत. 'शाळा'तला मुकुंद स्वतः एका कंपूतलाच आहे. आपण मित्रांबरोबर असताना कसे वागतो आणि एकटे असताना आत काय चालू असतं, हे तो वाचणाऱ्याला दाखवतो. खुसखुसणाऱ्या चाळीस मुलांपैकी चौघांनी जरी 'वनवास' वाचलं असतं, तरी सुरगाण्याच्या त्या मुलीला शेजारी बसायला कोणीतरी मिळालं असतं. तिला तेवढंच हवं होतं.

नाशिककरांना तर सबबच नाही. १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आपल्या गावात आहे. या सुट्टीत नातवंडांना घेऊन जा आणि बालविभागात न थांबता मोठ्यांच्या कपाटापर्यंत जा. आधी स्वतः वाचा, मग त्यांच्या हातात द्या. आणि वाचून झाल्यावर "तात्पर्य काय?" असं मात्र विचारू नका. आम्ही शिक्षकांनी ते पुष्कळ विचारून झालंय.