‘नाही’ म्हणा, पण म्हणा तरी!

नोकरी कोणाला द्यावी आणि कोणाला देऊ नये, हे ठरविण्याचा अधिकार नोकरी देणाऱ्याचा आहे. त्या अधिकाराबद्दल आमची तक्रार नाही. जागा एक आणि उमेदवार शंभर असले, तर नव्याण्णवांना विन्मुख परतावे लागणार, हे अंकगणित आम्हांलाही कळते. आमची तक्रार निराळी आहे. त्या नव्याण्णवांना ‘तुमची निवड झाली नाही’ हे चार शब्द कळविण्याचे सौजन्यही आपल्या देशातील बहुतेक कचेऱ्यांतून नाहीसे झाले आहे. मग निवड का झाली नाही, हे सांगण्याची गोष्ट तर दूरच राहिली!

‘आम्ही कळवू’ हे दोन शब्द आज ह्या शहरात जितक्या सहजपणे उच्चारले जातात, तितक्या सहजपणे दुसरे कोणतेही असत्य उच्चारले जात नसेल. मराठवाड्यातला किंवा खानदेशातला एखादा पदवीधर रात्रभर एस. टी.त अवघडून बसून येथे मुलाखतीला येतो. भाड्याचे पैसे बापाने उसने काढलेले असतात. दहा मिनिटे प्रश्नोत्तरे होतात, साहेब हसून मान डोलावतात आणि म्हणतात, ‘आम्ही कळवू!’ ह्या दोन शब्दांच्या आधारावर तो दोन महिने काढतो. दुसरीकडे चालून आलेले काम नाकारतो. दूरध्वनी केला, तर साहेब बैठकीत असतात. पत्र लिहिले, तर उत्तर येत नाही. शेवटी त्या जागेवर कोणीतरी रुजू झाल्याचे त्याला तिऱ्हाइताकडून समजते. नकाराचे दुःख माणूस पचवू शकतो. परंतु आपण नकार कळविण्याच्याही योग्यतेचे नाही, हा अपमान पचविणे कठीण आहे.

हा प्रश्न केवळ शिष्टाचाराचा असता, तर त्यासाठी आम्ही पहिल्या पानावरची जागा खर्च केली नसती. ‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ अशी आपल्याकडे म्हण आहे. येथे मागचा शहाणा होणे दूरच. ज्याला ठेच लागली, त्यालाही दगड कोठे होता ते कळत नाही! आपले ज्ञान कमी पडले, अनुभव अपुरा ठरला, की अर्जच नीट लिहिला गेला नाही, हे न कळल्यामुळे तो तीच चूक दहा दारांत दहा वेळा करतो. वय मात्र त्याच्यासाठी थांबत नाही. राज्याच्या सेवेत खुल्या प्रवर्गातील उमेदवाराला सर्वसाधारणपणे अडतिसाव्या वर्षी दार बंद होते. अंधारात चाचपडण्यात गेलेले प्रत्येक वर्ष त्या हिशेबातून कायमचे वजा होते.

ह्याहून घातक असा आणखी एक परिणाम आहे. जेथे कारण सांगितले जात नाही, तेथे माणूस स्वतःच कारण शोधतो. वशिला चालला असेल, आपले आडनाव आडवे आले असेल, पैसे फिरले असतील, अशी शंका त्याच्या मनात येते. ती कित्येकदा खोटी असते आणि कित्येकदा खरी असते. परंतु मौन दोन्ही प्रसंगी सारखेच दिसते. प्रामाणिक निवड करणारा मालक गप्प बसून स्वतःला लबाडाच्या पंक्तीला नेऊन बसवितो, हे त्याच्या ध्यानात येत नाही काय?

पुणे जिल्हा न्यायालयातील कनिष्ठ लिपिकांच्या भरतीचे प्रकरण ह्या संदर्भात मुद्दाम आठवण्यासारखे आहे. २०१८ सालच्या जाहिरातीनुसार अर्ज केलेला एक उमेदवार लेखी व टंकलेखनाच्या चाचण्या ओलांडून मुलाखतीपर्यंत पोचला. पण त्याची निवड झाली नाही. स्वतःला आणि निवड झालेल्यांना किती गुण मिळाले, एवढेच त्याने विचारले. गोपनीयतेची सबब पुढे करून त्याला ते नाकारण्यात आले. अखेर नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हे गुण उघड करण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये तो कायम ठेवला. सार्वजनिक भरतीतील गुण ही कोणाची खासगी चीजवस्तू नव्हे, हे त्यातून सिद्ध झाले. परंतु लिपिकाच्या जागेसाठी अर्ज करणाऱ्या तरुणाला आपण कोठे उणे पडलो हे समजण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायासनापर्यंत झुंजावे लागावे, ह्याला काय म्हणावे?

वास्तविक ह्यासाठी न्यायालयात जाण्याची गरजच पडू नये. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की, प्रशासकीय निर्णयाची झळ ज्यांना पोचते, त्यांना त्या निर्णयाची कारणे सार्वजनिक प्राधिकरणाने दिली पाहिजेत. कायदा अमलात येऊन वीस वर्षे उलटली. कलम मात्र कागदावरच निजलेले आहे. त्यातच २०२३ च्या व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराच्या आठव्या कलमात केलेली दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. ‘वैयक्तिक माहिती’ म्हणून इतरांचे गुण दडविण्यास आता नवे निमित्त मिळाले आहे. त्या कायद्यातील व्यापक सार्वजनिक हिताची तरतूद अद्याप शाबूत आहे, एवढाच काय तो दिलासा!

खासगी आस्थापनांच्या बाबतीत तर उमेदवाराच्या हाती तेवढेही शस्त्र नाही. १९५९ साली संसदेने एक कायदा करून पंचवीस किंवा अधिक नोकर असलेल्या खासगी आस्थापनांवरही रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयास कळविण्याचे बंधन घातले. जागा रिकामी आहे हे सरकारला कळवा, असे कायद्याने सांगितले. ती भरली गेली हे उमेदवाराला कळवा, असे मात्र सांगितले नाही. दार उघडल्याची वर्दी हवी, ते मिटल्याची नको, असा हा न्याय!

अर्ज हजारांनी येतात, प्रत्येकाला उत्तर कसे द्यावे, असा युक्तिवाद मालकवर्ग करील. परंतु जो संगणक ‘अर्ज पोचला’ हे क्षणार्धात कळवितो, त्याला ‘निवड झाली नाही’ हे कळविण्याचे श्रम होतात काय? कारणे तर आम्ही हजारांना मागतच नाही. मुलाखतीला बोलाविलेल्या पाचदहा जणांनाच मागतो. कारण दिल्यास कज्जेदलाली वाढेल, हा दुसरा आक्षेप. त्यात तथ्यांश आहे, हे आम्ही अमान्य करीत नाही. परीक्षकांची नावे, त्यांची आपसांतली चर्चा, इतर उमेदवारांच्या घरगुती गोष्टी खुशाल गुप्त राहू द्या. ‘लेखापालनाचा अनुभव कमी पडला’, ‘टंकलेखनाचा वेग अपुरा होता’, एवढे एक वाक्य पुरे. ज्याची निवड कसोटीवर झाली आहे, त्याला हे वाक्य लिहिताना हात कापण्याचे कारण नाही.

कॅनडातील ऑन्टारियो प्रांताने ह्या दिशेने एक पाऊल टाकले आहे. जाहीर केलेल्या जागेसाठी ज्याची मुलाखत घेतली, त्याला निर्णय झाला की नाही हे पंचेचाळीस दिवसांच्या आत कळविण्याचे बंधन १ जानेवारी २०२६ पासून तेथील पंचवीस किंवा अधिक नोकर असलेल्या मालकांवर आले आहे. तेथेही कारण सांगण्याची सक्ती नाही; पण निदान ताटकळत ठेवण्याला तरी मर्यादा घातली गेली आहे.

महाराष्ट्र सरकारने प्रथम स्वतःच्या घरापासून आरंभ करावा. प्रत्येक सरकारी व निमसरकारी भरतीच्या निकालाबरोबर उमेदवाराला त्याचे विभागवार गुण न मागता मिळावेत. खासगी आस्थापनांनी मुलाखतीच्या वेळीच निर्णयाची तारीख सांगावी, ती पाळावी आणि विचारणाऱ्याला एका ओळीत कारण कळवावे. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांनी स्वतःला ह्यातून वगळू नये, हेही आम्ही येथेच सांगून टाकतो. हे आपणहून घडले तर उत्तमच. न घडल्यास विधिमंडळाने त्यासाठी कायदा करावा.

दारात आलेल्या याचकालाही ‘पुढे जा, बाबा’ असे सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. नोकरी मागणारा तरुण तर याचक नव्हे; तो आपले शिक्षण आणि आपले श्रम घेऊन दारात उभा आहे. त्याला आत घ्यायचे नसेल, तर घेऊ नका. पण ‘नाही’ म्हणा आणि का नाही ते सांगा. म्हणजे तो पुढच्या दाराकडे डोळे उघडे ठेवून जाईल!